मुलाखतीला जाताना वावर घरी ठेवू नका



या सदरात एरवी आपण बियाणे, खते, फवारणी आणि जनावरांची निगा यांविषयी बोलतो. आज विषय जरा निराळा घेतला आहे, पण तो तुमच्या घरातलाच आहे. सोयाबीन घरात आले, तुरीला शेंगा धरल्या, की गावाकडून फोन सुरू होतात. पूर्वी विचारणा असे ती भावाची नि किडीची. आता त्यात हाही एक प्रश्न हटकून असतो, "साहेब, पोराले मुलाखतीचं बोलावणं आलं. काय शिकवून पाठवू त्याले?"

माझे बिऱ्हाड नागपुरात धरमपेठेत आहे. त्यामुळे ओळखीच्या घरची मुले-मुली मुलाखतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला उतरतात. रात्री जेवणे आटोपली की मी त्यांना समोर बसवून चार प्रश्न विचारतो. कंत्राटी पदांच्या निवड समितीत टेबलाच्या पलीकडे बसण्याचा योगही मला काही वेळा आला आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट पक्की ध्यानात आली. आपल्या मुलांचे इंग्रजी कच्चे असते हे खरे, पण त्यापेक्षा मोठे नुकसान होते ते आपले वावर लपवण्याने. ज्या गोष्टी त्यांना शहरातल्या मुलांहून चांगल्या येतात, नेमक्या त्याच ती तोंडातून काढत नाहीत.

आधी पाहा, मुलाखत आहे का?

पुष्कळ घरी असा समज आहे की प्रत्येक सरकारी नोकरीला मुलाखत असते आणि तिथेच "वर-खाली" होते. तसे नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' (अराजपत्रित) या पदांच्या मुलाखती बंद केल्या. बँकेतील लिपिकाचे पद, ग्रामीण बँकेतील कार्यालय सहायक, आपल्याकडचा तलाठी, पोलीस शिपाई, यांनाही मुलाखत नाही. तेथे परीक्षेचे गुण आणि, जेथे लागते तेथे, मैदानावरची चाचणी एवढाच हिशेब. अशा पदासाठी कोणी "मुलाखतीत पास करून देतो" म्हणून पैसे मागितले, तर तो दलाल आहे हे तेव्हाच ओळखावे.

मग मुलाखत कोठे असते? राज्य लोकसेवा आयोगाच्या अधिकारी पदांना असते. बँकेतील कृषी क्षेत्र अधिकारी या पदाला असते. कृषी पदवीधर मुलांसाठी ही चांगली वाट आहे. गेल्या काही वर्षांच्या जाहिराती पाहिल्या तर ही मुलाखत १०० गुणांची असते, तीत किमान ४० टक्के गुण लागतात (राखीव गटांना ३५), आणि अंतिम यादी लावताना मुख्य परीक्षेचे वजन ८० व मुलाखतीचे २० धरतात. म्हणजे परीक्षेचा पाया मोठा आहे. पण दोन मुलांचे गुण जवळजवळ असले की याच २० मधून निकाल फिरतो.

तिसरा प्रकार थेट मुलाखतीचा. नागपुरात कृषी संशोधनाच्या मोठ्या संस्था आहेत. वर्धा रस्त्याला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. धरमपेठेतून रविनगर चौकात निघाले की अमरावती रस्ता लागतो. त्या रस्त्याला पुढे लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आणि मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. प्रकल्पांवरील कंत्राटी जागांसाठी अशा संस्था वेळोवेळी थेट मुलाखती घेतात. लेखी परीक्षा नसली की सारी मदार त्या पंधरा-वीस मिनिटांवर. ही कामे ठराविक मुदतीची असतात, कायमच्या नोकरीचा हक्क त्यातून मिळत नाही आणि जाण्या-येण्याचा खर्चही सहसा मिळत नाही. जाहिरातीत हे लिहिलेले असते. घरातल्या सर्वांनी ते वाचून मगच निघावे. चौथा प्रकार खाजगी कंपन्यांचा. बियाणे, खते, ठिबक, विमा, कर्जपुरवठा या सर्वांना गावात जाऊन बोलू शकणारी मुले हवी असतात.

"वडील काय करतात?"

हा प्रश्न बहुधा पहिल्या पाचांत येतो. विचारणाऱ्याचा हेतू सरळ असतो. मुलाचा घसा मोकळा व्हावा म्हणून सोपा प्रश्न टाकलेला असतो. आणि आपला मुलगा खाली पाहत म्हणतो, "काही नाही सर, शेतीच करतात."

या "काही नाही" मध्ये आणि त्या "च" मध्ये सारे वाया जाते. पाच एकर कोरडवाहूवर घर चालवायचे, पावसाच्या खंडात पीक जगवायचे, बँकेची तारीख पाळायची आणि मजूर मिळेना म्हणून स्वतः पहाटे वावरात जायचे, हे "काही नाही" आहे काय? समोर बसलेल्याला एवढेच दिसते की ज्या कामात हा मुलगा वाढला, त्याविषयी याला दोन वाक्ये सांगता येत नाहीत.

हेच उत्तर असे देऊन पाहा. "वडील शेती करतात. साडेचार एकर जमीन आहे. अडीच एकरांत कपाशी, बाकीच्यात सोयाबीन आणि तूर. विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी असते. मजुरीचा नि औषधांचा हिशेब मी वहीत लिहितो." पाच साधी वाक्ये, पण त्यांत कष्ट आहेत, हिशेब आहे आणि मुलाची जबाबदारीही आहे. शिवाय पुढचा प्रश्न आता मुलाच्या ओळखीच्या शिवारातून येणार. "वर्षाला औषधांवर किती खर्च होतो?" असे विचारले तर त्याला उत्तर ठाऊक आहे. अर्थात, वही खरोखर लिहीत असेल तरच हे बोलावे. खोटे सांगितलेले तिसऱ्या प्रश्नाला उघडे पडते.

हाताने केलेले सांगा, आकड्याने सांगा

काटोलकडचा एक मुलगा असाच आमच्याकडे उतरला होता. घरी संत्र्याची बाग. दुसऱ्या दिवशी फळबागेच्या प्रकल्पावरील जागेसाठी मुलाखत. मी विचारले, "संत्र्यावरच्या डिंक्याबद्दल काय ठाऊक आहे?" त्याने डोळे मिटून इंग्रजीतली व्याख्या म्हणायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला अडखळला. मी म्हटले, "ते राहू दे. तुमच्या बागेत काय करता ते सांग."

तेव्हा पोरगा सावरून बसला. म्हणाला, "पावसाळ्याच्या आधी एकदा नि पावसाळा सरल्यावर एकदा बुंध्याला बोर्डो मलम लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवतो, लोखंडी भांडं चालत नाही. आणि बुंध्याजवळ पाणी साचू देत नाही, तिथूनच रोग येतो." एवढे सांगताना तो एकदाही अडला नाही. ज्याने मलम हाताने कालवले आहे, त्यालाच लोखंडी भांड्याची गोष्ट आपसूक आठवते. दुसऱ्या दिवशी त्याने याच रीतीने बोलावे, इतकेच मी सांगितले. रोगाचे शास्त्रीय नाव फायटोप्थोरा, तेही पाठ हवेच. पण आधी बाग, मग नाव.

कपाशीचेही तसेच. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातल्या कपाशीचे केवढे नुकसान केले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यावर प्रश्न आला तर "अळी दिसली की फवारतो" हे उत्तर कोणीही देईल. "हेक्टरी पाच कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा शंभरांत दहा फुले-बोंडे किडलेली दिसली, की फवारणी ठरवतो." हे उत्तर देणारा मुलगा मोजून काम करतो, हे टेबलापलीकडच्या माणसाला लगेच कळते. ही सवय कोठल्याही कचेरीत उपयोगी पडते, म्हणूनच तिला गुण मिळतात.

मौद्याकडच्या एका मुलीचे उदाहरण घ्या. बँकेच्या मुलाखतीला आली होती. अर्जात पदवी, टक्के, संगणकाचे प्रमाणपत्र सारे होते. बोलता बोलता कळले की आईच्या बचत गटाची वही तीन वर्षांपासून हीच लिहिते. कोणी किती भरले, कोणाला कर्ज दिले, व्याज किती, थकले किती, सगळे तिला तोंडपाठ. "हे अर्जात का लिहिले नाहीस?" असे विचारले तर म्हणाली, "ते तर घरचंच काम आहे ना काका." बँकेचा धंदा दुसरा कोणता असतो? आपल्या मुली असे कितीतरी काम करतात आणि त्याला काम म्हणत नाहीत. दूध संकलनाची नोंद, आजारी जनावराची शुश्रूषा, शेतमाल विकताना वजन-काट्यावर उभे राहणे, पीकविम्याचा अर्ज भरणे, यांतले जे खरोखर केले असेल ते अर्जात एका ओळीने यावे आणि मुलाखतीत दोन वाक्यांनी यावे.

"शेती सोडून नोकरी कशाला?"

सर्वांत अवघड प्रश्न हा. अनेक मुले येथे शेतीला नावे ठेवू लागतात. "शेतीत काही राहिलं नाही सर." दोन वाक्यांपूर्वी वडिलांविषयी चांगले बोललेला मुलगा आता त्यांच्या साऱ्या आयुष्यावर काट मारतो. ऐकणाऱ्याला वाटते, हा उद्या आमच्या कामालाही असेच म्हणेल. दुसरी मुले उलट टोकाला जातात आणि "मला देशाची सेवा करायची आहे" असे पाठ केलेले वाक्य फेकतात.

खरे कारण सांगण्यात कमीपणा नाही. "जमीन पाच एकर आहे आणि आम्ही दोघे भाऊ. दोन संसार तिच्यावर चालणार नाहीत. धाकटा शेती पाहतो. मी शिकलो ते शेतीचेच, तेव्हा ज्या कामात शिक्षण नि घरचा अनुभव दोन्ही लागतील ते काम मला हवे आहे." यात रडगाणेही नाही आणि फुशारकीही नाही. असे उत्तर घरात आधी बोलून ठरवावे लागते. जमिनीचे काय करायचे, कर्जाचे काय, म्हातारपणी शेती कोण पाहील, हे बाप-लेकांत कधी बोललेच गेले नसेल, तर मुलगा परक्या माणसापुढे ते काय सांगणार?

मुलींच्या बाबतीत हे दुपटीने खरे. "लग्न झाल्यावर नोकरी करणार का? बदली झाली तर जाणार का?" असे विचारणे रास्त नाही, तरी ते विचारले जाते. मुलगी चाचरते, कारण घरात या गोष्टीवर कोणी स्पष्ट बोललेले नसते. मायबापांनो, तिला पाठवण्याआधी एवढे सांगा की नोकरीचा निर्णय तिचा राहील आणि घर तिच्या मागे उभे आहे. मग "होय, जाईन" हे दोन शब्द ती ताठ मानेने म्हणू शकते.

येत नसेल तेव्हा

सगळे कोणालाच येत नाही आणि समिती तशी अपेक्षाही करीत नाही. येत नसलेल्या प्रश्नावर "क्षमा करा, मला हे माहीत नाही" असे शांतपणे सांगावे. नि थोडे माहीत असेल तर "एवढे ठाऊक आहे, पुढचे पाहावे लागेल" असे म्हणावे. पाल्हाळ लावून वेळ मारून नेणारा मुलगा अनुभवी माणसापुढे टिकत नाही. उथळ पाण्याचा खळखळाट लांबूनच ऐकू येतो. आणि जो मुलगा माहीत नसताना माहीत असल्याचे भासवतो, तो उद्या शेतकऱ्याला चुकीचे औषध सांगेल, ही भीतीही विचारणाऱ्याच्या मनात असते.

भाषेविषयी दोन शब्द. राज्य लोकसेवा आयोगाची मुलाखत मराठीत देता येते. इतर ठिकाणी कोणती भाषा चालेल ते बोलावण्याच्या पत्रात किंवा जाहिरातीत पाहावे. इंग्रजीत बोलणे भाग असेल तर लहान वाक्ये बोलावी. स्वतःची ओळख, गाव, शिक्षण, शेती, केलेले काम, एवढे इंग्रजीत आणि हिंदीत आरशापुढे नव्हे तर माणसापुढे बसून म्हणून पाहावे. शाळेतले गुरुजी, कृषी सहायक, बँकेत लागलेला गावचा मुलगा, कोणीही चालेल. वऱ्हाडी लहेजा आला तर येऊ द्यावा. शब्द स्पष्ट हवे, घाई नको, आणि उत्तर संपले की थांबावे.

कपडे, कागद आणि वाट

धरमपेठेत, गोकुळपेठेत कपड्यांची दुकाने पुष्कळ आहेत. आदल्या संध्याकाळी तेथून नवा सूट घ्यावा, टाय लावावा, असे मुलांना वाटते. त्याची गरज नाही. धुतलेला, इस्त्री केलेला फिक्या रंगाचा सदरा, गडद पँट, पुसलेले बूट पुरेत. मुलींनी सलवार-कुर्ता वा साडी, ज्यात सहज वावरता येते ते नेसावे. नवे बूट घ्यायचेच तर आठ दिवस आधी घेऊन पायात घालावे, नाहीतर मुलाखतीत सगळे लक्ष टाचेच्या फोडाकडे राहते. केस, नखे, दाढी नीट असावी. खर्चासाठी बकरी विकू नका.

कागद आदल्या रात्री एका फाईलमध्ये क्रमाने लावावे: बोलावण्याचे पत्र, ओळखपत्र, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी, जातीचा दाखला व वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, छायाचित्रे. मूळ कागद आणि स्वतः सही केलेल्या प्रतींचा एक संच असे दोन्ही हवे. नॉन-क्रिमीलेयरची मुदत तपासावी. दाखल्यावरचे नाव नि आधारवरचे नाव यांत फरक असेल, तर तो मुलाखतीच्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी दुरुस्त करायला घ्यावा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

लांबच्या गावचे असाल तर आदल्या दिवशीच नागपूर गाठावे आणि शक्य तर जागा पाहून यावी. मेट्रोने येणाऱ्यांसाठी एक सूचना. सीताबर्डीहून लोकमान्यनगरकडे जाणाऱ्या मार्गावर शंकरनगर चौक, एलएडी चौक आणि धरमपेठ कॉलेज अशी स्थानके आहेत. नावात धरमपेठ आहे म्हणून धरमपेठ कॉलेजला उतराल तर अंबाझरीच्या बाजूला जाल. धरमपेठेच्या बाजारपेठेकडे यायचे तर शंकरनगर चौक जवळ पडतो. पत्ता विचारून ठेवावा आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. थेट मुलाखतीत नोंदणीची वेळ टळली तर आत घेत नाहीत.

आत जाताना परवानगी घ्यावी, सर्वांना नमस्कार करावा, सांगितल्यावर बसावे. मोबाइल बंद करून पिशवीत. प्रश्न ज्याने विचारला त्याच्याकडे पाहून उत्तर द्यावे. दारावरच्या शिपाईदादांशीही अदबीने बोलावे. निघताना आभार मानावे. यापेक्षा अधिक शिष्टाचार कोणी मागत नाही.

दलालापासून जपा

मुलाखत जवळ आली की "माझी आत ओळख आहे" म्हणणारे भेटतात. काहींचे संदेश मोबाइलवर येतात: निवड झाली, प्रशिक्षणाचे नि गणवेशाचे पैसे या नंबरवर टाका. परीक्षेचे शुल्क जाहिरातीत छापलेले असते आणि संस्थेच्या अधिकृत मार्गानेच भरायचे असते. खाजगी नंबरवर पैसे मागणारा लबाड समजावा. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या. वावर गहाण टाकून वशिल्याला पैसा देणारी घरे पाहिली आहेत. वावरही जाते आणि नोकरीही येत नाही.

परत आल्यावर

दहा जागांना शेकडो मुले येतात. चांगली मुलाखत देऊनही नाव लागत नाही असे होते. डॉ. अब्दुल कलाम १९५८ च्या सुमारास वायुदलाच्या निवडीसाठी डेहराडूनला गेले होते. पंचवीस उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा आला आणि घ्यायचे होते आठ. त्यांनी स्वतःच हे आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे ते क्षेपणास्त्रांच्या कामात गेले आणि २००२ मध्ये राष्ट्रपती झाले. प्रत्येकाचे असे होईल असे नाही, पण एका नकाराने माणसाची किंमत ठरत नाही.

म्हणून मुलगा-मुलगी घरी आली की "काय झालं, लागलं का?" असे दारातच विचारू नका. पाणी द्या, जेवू द्या. मग कोणते प्रश्न विचारले, कोठे अडले, हे त्याच दिवशी वहीत लिहून घ्यायला सांगा. पेरणी साधली नाही तर का साधली नाही ते आपण पाहतोच. बियाणे, ओल, खोली, सारे तपासतो. हेही तसेच तपासावे. दुसऱ्या मुलाखतीला ती वही उपयोगी पडते, आणि गावातल्या पुढच्या मुलालाही.

घरात शिकणारे मूल असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर एवढे करा. त्याला समोर बसवा आणि आपल्याच शेतीविषयी दहा प्रश्न विचारा. एकर किती, बियाणे कोणते, एकरी खर्च किती, उतारा किती, भाव काय मिळाला, कर्ज किती नि व्याज किती. पहिल्या रात्री अर्धी उत्तरे येणार नाहीत. जी येणार नाहीत ती तुम्ही सांगा, आणि आठवड्याने पुन्हा विचारा.